रिपोर्टची शेवटची ओळ

आमच्या घरात कॅन्सरची भीती शिरली ती धाकट्या दिरांच्या आजारपणातून. त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला आणि तो कळेपर्यंत फार उशीर झाला होता. माझे यजमान कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फोरमन होते. पंचविसेक वर्षं त्यांनी रोज वीसच्या आसपास सिगारेटी ओढल्या आणि साठीच्या आधी सोडल्या, त्या कायमच्या. भावजी गेल्यावर पुण्याच्या आमच्या मुलाने धोशा लावला आणि ह्यांच्या छातीचा लो-डोस सीटी, म्हणजे कमी किरणांचा स्कॅन, दर वर्षी करायचं ठरलं.

पहिल्या स्कॅनमध्ये कॅन्सर दिसला नाही. दिसल्या त्या वेगळ्याच पाच गोष्टी: उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला कॅल्शियम साठलेला डाग, त्याच फुप्फुसात खाली ५ मिलिमीटरचा ठिपका, डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर २.४ सेंटिमीटरची गाठ, डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या टोकाला पाण्याची गाठ आणि सगळ्यात शेवटी हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम.

मी डॉक्टर नाही. जन्मभर हायस्कुलात विज्ञान शिकवलं, तेवढीच शिदोरी. पण या पाच ओळींचा पाठपुरावा करताना एक गोष्ट मनात पक्की बसली. स्कॅन फक्त दाखवतो. कशाला किती वजन द्यायचं हे माणसांनी ठरवायचं असतं, आणि ते शांत डोक्याने ठरवलं तरच तपासणीचा उपयोग होतो. तेव्हा जे शिकले ते क्रमाने सांगते.

१. ही तपासणी आपल्यासाठी आहे का, हे आधी विचारा

छातीचा स्कॅन कुणीही उठून करून घ्यावा असा नसतो. अमेरिकेत नॅशनल लंग स्क्रीनिंग ट्रायल नावाचा मोठा अभ्यास झाला. ५५ ते ७४ वयाचे, वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेले ५३ हजारांहून जास्त लोक त्यात होते. एका गटाचा तीन वर्षं दर वर्षी लो-डोस सीटी केला, दुसऱ्या गटाचा साधा छातीचा एक्स-रे. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आला: सीटीच्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी होते. हा फायदा मिळाला तो ज्यांना मुळातच धोका जास्त होता अशा लोकांना. २०२१ पासून अमेरिकेतली शिफारस अशी आहे: वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर इतकं धूम्रपान, आणि सिगारेट चालू तरी असावी किंवा सोडून १५ वर्षं झालेली नसावीत.

पॅक-इयरचा हिशोब नीट समजून घ्या. रोज २० सिगारेटी वर्षभर ओढल्या की एक पॅक-इयर होतं. आपल्याकडे दहाची पाकिटं सर्रास मिळतात, त्यामुळे ‘रोज एक पाकीट’ एवढंच सांगितलं तर हिशोब दुप्पट होऊन बसतो. डॉक्टरांना पाकिटं सांगू नका, सिगारेटी सांगा.

किरणांचंही विचारा. लो-डोस स्कॅनमध्ये साधारण १.५ मिलिसिव्हर्ट किरण लागतात, नेहमीच्या छातीच्या सीटीत त्याच्या चार-पाच पट. दर वर्षी करायची तपासणी असेल तर हा फरक मोठा आहे. म्हणून तारीख घेताना ‘लो-डोस’ हा शब्द चिठ्ठीवर लिहिलेला आहे ना, हे पाहून घ्यावं.

२. शोधतोय त्यापेक्षा वेगळं काही दिसणार, हे धरूनच चला

स्कॅनच्या आधी तिथल्या तरुण रेडिऑलॉजिस्टने आम्हाला समोर बसवून सांगितलं, “काका, उसाला पाणी सोडलं की बांधावरचं गवतही भिजतं. आपण फुप्फुस बघणार, पण गळ्याच्या खालच्या भागापासून पोटाच्या वरच्या भागापर्यंत सगळंच चित्रात येणार. काही ना काही सापडेल. लगेच घाबरायचं नाही.” नंतरच्या दिवसांत त्यांचं हे बोलणं आम्हाला फार उपयोगी पडलं.

त्याच अमेरिकन अभ्यासात सीटीवर जे निकाल संशयास्पद ठरले, त्यांतल्या ९६ टक्क्यांहून जास्त निकालांत शेवटी कॅन्सर निघाला नाही. शिवाय दर शंभर तपासण्यांमागे सात-आठ वेळा फुप्फुसाच्या कॅन्सरशी संबंध नसलेलं, पण लक्ष द्यावं असं काहीतरी आढळलं. म्हणजे हा प्रकार विरळा नाही. रिपोर्ट लिहिण्याच्या लंग-रॅड्स या पद्धतीत त्याची सोयच करून ठेवली आहे: फुप्फुसाला श्रेणीचा आकडा देतात, आणि बाकी कुठे काही महत्त्वाचं दिसलं तर त्या आकड्याला एस अक्षर जोडतात. ह्यांच्या रिपोर्टवर ‘२ एस’ होतं. दोन म्हणजे फुप्फुसाची चिंता नाही, वर्षाने पुन्हा या. एस म्हणजे बाकीच्या गोष्टींकडे बघा.

३. रिपोर्ट रात्री मोबाइलवर वाचत बसू नका

हल्ली रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आणि बहुधा संध्याकाळ उलटून गेल्यावर, दवाखाने बंद झाल्यावर येतो. आमचाही तसाच आला. नोड्यूल, लीजन, सिस्ट असे शब्द एकापाठोपाठ एक डोळ्यांसमोर आले की झोप उडते. इंटरनेटवर अ‍ॅड्रिनलची गाठ शोधली तर पहिल्या पानावर कॅन्सरच दिसतो. रात्री विचारणार कुणाला? मग माणूस स्वतःच स्वतःला वाईटातलं वाईट उत्तर देतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी कोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: ‘आत्ता’, ‘नंतर’ आणि ‘काहीच नको’. मग रिपोर्टमधली एकेक ओळ मोठ्याने वाचली आणि ती कुठल्या रकान्यात जाते ते आम्हाला समजावत लिहीत गेले. पाच भीतिदायक शब्दांची पंधरा-वीस मिनिटांत कामांची यादी झाली. ‘आत्ता’मध्ये दोन ओळी आल्या, ‘नंतर’मध्ये एक, आणि ‘काहीच नको’मध्ये दोन. तो कागद अजून फाईलमध्ये सगळ्यात वर लावलेला आहे. रिपोर्ट हातात पडला की आपल्या डॉक्टरांकडून असा कागद करून घ्या. स्वतः करू नका.

४. जुन्या फिल्म रद्दीत घालू नका

वरच्या डागाबद्दल डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “कधी टीबी झाला होता?” झाला होता. १९८६ साली, आमच्या लग्नाच्या आधी. औषधांचा कोर्स पुरा केला होता आणि त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नव्हता. सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत एका खाकी पाकिटात त्या वेळचा एक्स-रे होता. कडा वळलेल्या, मधे पिवळट झालेला, पण कोपऱ्यातलं नाव आणि तारीख स्वच्छ वाचता येत होती. डॉक्टरांनी ती फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, शेजारी लॅपटॉपवर नवा स्कॅन लावला आणि बोट ठेवून दाखवलं. उजवी बाजू, वरचा भाग, तीच जागा.

आपल्या देशात टीबी बरा होऊन गेलेली माणसं घरोघर आहेत. बऱ्या झालेल्या जखमेत पुढे कॅल्शियम साठतं आणि स्कॅनमध्ये ती पांढरी ठळक दिसते. पूर्ण कॅल्शियम भरलेला असा डाग म्हणजे जुन्या आजाराची खूण, नवा आजार नव्हे. पण डॉक्टरांना हे छातीठोकपणे सांगता येतं ते जुनं चित्र शेजारी असलं तरच. फुप्फुसातला एखादा घन ठिपका दोन वर्षं जसाच्या तसा राहिला तर तो निरुपद्रवी मानण्याचा प्रघात आहे, आणि ती दोन वर्षं मागे जाऊन मोजता आली तर पुढची दोन वर्षं काळजीत काढावी लागत नाहीत.

म्हणून फिल्म जपा. आणि नुसत्या फिल्मवर समाधान मानू नका, सीडी किंवा पेन ड्राइव्हही मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी. हेही लक्षात ठेवा की नोकरी कुठे केली, धुळीत की भट्टीजवळ, हे डॉक्टरांना न विचारता सांगायचं. फाउंड्रीतल्या वाळूच्या धुळीनेही फुप्फुसात ठिपके येतात आणि छातीतल्या गाठींमध्ये कॅल्शियम साठतं.

५. ज्यांनी स्कॅन वाचला त्यांनाही विचारता येतं

सगळ्यात जास्त झोप उडवली ती अ‍ॅड्रिनलच्या गाठीने. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेली ही लहानशी ग्रंथी. तिच्यावर गाठ आहे एवढंच रिपोर्टमध्ये होतं आणि पुढे ‘अधिक तपासणी सुचवली आहे’ असं लिहिलं होतं. पुढची पायरी म्हणून कुणी एमआरआय सांगितला, कुणी पेट स्कॅन.

आमच्या डॉक्टरांनी आधी फोन उचलला. रेडिऑलॉजिस्टला विचारलं, “त्या गाठीची घनता मोजता येईल का?” सीटीवर प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. सीटीचं तंत्र शोधणाऱ्या गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांचं नाव त्या एककाला दिलं आहे. १९७९ चं नोबेल त्यांना अ‍ॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत मिळालं. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा उणे १०० च्या आसपास. अ‍ॅड्रिनलची गाठ चरबीयुक्त, सौम्य असेल तर तिचा आकडा पाण्याच्या जवळपास येतो. कॉन्ट्रास्ट न देता केलेल्या स्कॅनमध्ये सगळी गाठ एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती कॅन्सरची नाही असं धरतात. युरोपातल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना तर म्हणतात की अशा गाठीला पुन्हा स्कॅनचीही गरज नाही.

रेडिऑलॉजिस्टने आहे त्याच स्कॅनवर गाठ मोजली. आकडा आला ४. त्यांनी रिपोर्टला पुरवणी जोडून पाठवली. नवीन यंत्र नाही, नवीन किरण नाहीत, नवीन बिल नाही. आपण रुग्ण मंडळी रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ समजतो. तो एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेला मजकूर असतो. त्यावर प्रश्न विचारता येतात, विचारायलाच हवेत.

६. सुई घालण्याआधी रक्त तपासा

आकडा ४ आला तरी एक प्रश्न उरतो. गाठ कॅन्सरची नसेल, पण ती गुपचूप हार्मोन तर बनवत नाही ना? अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवते, अल्डोस्टेरॉन बनवते, अ‍ॅड्रिनॅलिन बनवते. यातलं काहीही जास्त झालं तर रक्तदाब, साखर, हाडं, हृदय सगळ्यांवर परिणाम होतो. ह्यांना रक्तदाब होताच.

कॉर्टिसोलची तपासणी साधी निघाली. रात्री अकरा वाजता डेक्सामेथासोनच्या ०.५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या घ्यायच्या आणि सकाळी आठच्या सुमारास रक्त द्यायचं. निरोगी ग्रंथी या गोळीने रात्रभरात शांत होते आणि रक्तातलं कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली येतं. गाठ मनमानी करत असेल तर ते खाली येत नाही. ह्यांचं आलं. रक्तदाबामुळे अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही तपासलं, तेही ठीक निघालं.

मधल्या काळात दुसरं मत घ्यायला आम्ही एके ठिकाणी गेलो होतो. तिथे सुई घालून तुकडा काढायचा विषय निघाला. आमच्या डॉक्टरांनी तेव्हा ठामपणे सांगितलं, “अ‍ॅड्रिनलला सुई लावण्याआधी अ‍ॅड्रिनॅलिन बनवणारी गाठ नाही ना, हे रक्ताने किंवा लघवीने तपासलंच पाहिजे.” फिओक्रोमोसायटोमा नावाची अशी गाठ असते. तिला धक्का लागला तर रक्तदाब एकदम इतका चढतो की जिवावर बेततं. बायोप्सी म्हणजे ‘बघून तर घेऊ’ इतकी किरकोळ गोष्ट नव्हे. कोणी सुचवली तर एवढं जरूर विचारा: हिच्या निकालाने पुढे काय बदलणार आहे? काहीच बदलणार नसेल, तर ती कशासाठी?

७. लहान ठिपक्याला वेळ द्या

५ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे ज्वारीचा दाणा. एवढ्याशा ठिपक्यात कॅन्सर असण्याची शक्यता फार कमी, म्हणून लंग-रॅड्समध्ये त्याला २ ही श्रेणी मिळते आणि वर्षाने पुन्हा स्कॅन सांगतात. आमच्या मुलाला हे पटेना. तो म्हणाला, “वर्षभर कशाला थांबायचं? महिन्याभरात परत करू.”

त्याला मी गणिताने समजावलं. गोळ्याचं आकारमान व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतं. म्हणजे ठिपका दुप्पट झाला तरी व्यास ५ वरून ६.३ मिलिमीटरच होतो. हॉलंड आणि बेल्जियममधल्या नेल्सन या अभ्यासात एखादा ठिपका दुप्पट व्हायला ४०० दिवसांपेक्षा कमी वेळ लागला तर तो संशयास्पद धरत. मग महिन्याभरात मिलिमीटरचा कितवा हिस्सा वाढणार, आणि तो यंत्राला तरी नेमका मोजता येणार का? घाईने केलेला स्कॅन ‘बदल नाही’ असं सांगेल, पण त्या उत्तराला अर्थ नसेल. किरण मात्र खरे लागतील. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ठरवून थांबणं हाही उपचारांचाच भाग आहे, फक्त ती तारीख चुकवायची नाही. पुढच्या वर्षीच्या स्कॅनमध्ये तो ठिपका तेवढाच होता.

८. सगळ्यात कमी घाबरवणारी ओळ सगळ्यात महत्त्वाची असू शकते

पाचवी ओळ अशी होती: ‘कोरोनरी रक्तवाहिन्यांत मध्यम प्रमाणात कॅल्सिफिकेशन.’ घरात कुणी तिचा उच्चारही केला नाही. त्यात गाठ नव्हती, लीजन नव्हतं. सगळ्यांचं लक्ष अ‍ॅड्रिनलवर.

डॉक्टरांनी मात्र लाल पेनाने तिच्याभोवती गोल केला. “बाई, या कागदावर काकांचं आयुष्य वाढवू शकेल अशी ओळ ही आहे.” मग त्यांनी लॅपटॉपवर चित्र मोठं केलं. करड्या हृदयाच्या कडेने पांढरेशुभ्र तुकडे होते, हाडाइतके पांढरे. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साचत जाते आणि पुढे त्यात कॅल्शियम बसतं. चरबी या स्कॅनमध्ये दिसत नाही, कॅल्शियम दिसतं. म्हणजे जे दिसतंय ते खूप आधी सुरू झालेल्या गोष्टीचा पुरावा आहे.

अमेरिकेतल्या त्या अभ्यासात सीटीच्या गटात जे लोक दगावले, त्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरपेक्षा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी गेलेले जास्त होते. सिगारेट दोन्हींचं मूळ. आपण फुप्फुसाची तपासणी करायला जातो आणि धोका शेजारीच बसलेला असतो.

ह्यांना छातीत दुखत नव्हतं, दम लागत नव्हता. म्हणून अँजिओग्राफीची घाई कुणी केली नाही. तक्रार नसताना नुसत्या कॅल्शियमसाठी ती करत नाहीत. ईसीजी झाला, इको झाला, कोलेस्टेरॉल तपासलं, साखर तपासली. मग स्टॅटिनची गोळी सुरू झाली आणि रक्तदाबाच्या औषधाचा डोस वाढला. कोलेस्टेरॉलची गोळी हे कितीतरी वर्षं टाळत आले होते. ‘मला काही होत नाही’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पडद्यावर आपल्याच हृदयाजवळचे ते पांढरे तुकडे पाहिल्यावर तो वाद संपला. रोज सकाळी रंकाळ्याला फेरी सुरू झाली. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा आता महिन्यातून एकदा, आणि तोही एकच वाटी.

कॅन्सर शोधायला गेलेल्या स्कॅनने आमच्या घरात हार्ट अटॅकचा धोका कमी करण्याचं काम केलं. म्हणून प्रत्येकाला सांगते, रिपोर्ट शेवटपर्यंत वाचून घ्या, आणि सीटीवर कॅल्शियमची ओळ असेल तर तिचं काय करायचं हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.

९. सापडलं म्हणून काढायलाच हवं असं नाही

मूत्रपिंडावरची पाण्याची गाठ डॉक्टरांनी थेट ‘काहीच नको’मध्ये टाकली. न्यूयॉर्कचे रेडिऑलॉजिस्ट मॉर्टन बॉस्निएक यांनी १९८६ मध्ये अशा गाठींची वर्गवारी केली. पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी असलेली साधी गाठ पहिल्या वर्गात येते. वय वाढेल तशी ती अनेकांना होते, आणि तिच्यासाठी औषध नाही, ऑपरेशन नाही, पुन्हा सोनोग्राफीही नाही.

‘काहीच नको’ हे उत्तर पचायला जड जातं. माझ्या नणंदेला हेल्थ पॅकेजमध्ये केलेल्या गळ्याच्या सोनोग्राफीत थायरॉइडवर ६ मिलिमीटरची गाठ दिसली. तिच्या घरचे सगळे ‘एकदाची काढून टाका’ म्हणत होते. तिला मी दक्षिण कोरियाची गोष्ट सांगितली. तिथे १९९९ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर तपासणी योजना सुरू झाली. थायरॉइड त्या योजनेत नव्हता, पण दवाखान्यांनी थोड्या जास्तीच्या पैशांत गळ्याची सोनोग्राफीही करून द्यायला सुरुवात केली. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यूचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे जे कॅन्सर जन्मभर त्रास देणार नव्हते ते हजारोंनी सापडले, त्यांची ऑपरेशनं झाली आणि किती जणांच्या वाट्याला जन्मभराची थायरॉइडची गोळी आली. २०१४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी आवाज उठवला आणि वर्षभरात ऑपरेशनं ३५ टक्क्यांनी घटली.

नणंदेच्या डॉक्टरांनीही सेंटिमीटरच्या आतली गाठ म्हणून सुई घातली नाही. ती आज मजेत आहे.

१०. ‘फुल बॉडी’च्या जाहिरातीला भुलू नका

जास्त यंत्रं म्हणजे जास्त काळजी, असं आपल्याला वाटतं. पण धोका नसलेल्या माणसाचं सगळं अंग स्कॅन केलं तर सापडणाऱ्या बहुतेक गोष्टी निरुपद्रवी असतात आणि त्यांचा पाठपुरावा करताना खराखुरा त्रास होतो. जी तपासणी जीव वाचवते हे सिद्ध झालं आहे, ती ज्याची त्याने वेळेवर करावी.

त्यासाठी दर वेळी यंत्रच लागतं असंही नाही. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलने दीड लाखांहून जास्त स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनांची तपासणी करत. २०२१ मध्ये निष्कर्ष छापून आले: पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. आपल्या सरकारी योजनेतही तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी होते. आरोग्य केंद्रात ती फुकट होते. महागड्या पॅकेजच्या आधी घरातल्या सगळ्या बायकांची ती झाली आहे का, हे बघा.

११. घरात सांगा, पण एकानेच सांगा

मुलांना काळजी नको म्हणून लपवायचं, हा आपला जुना स्वभाव. आम्ही लपवलं नाही, आणि ते बरं झालं. पण पहिल्या आठवड्यात प्रत्येकजण वेगवेगळं ऐकत होता आणि त्यात आपल्या मनाचं घालून पुढे सांगत होता. जावेला वाटलं किडनीचा कॅन्सर आहे. मुलाच्या सासरी वाटलं बायपास ठरली. मग ठरवलं की डॉक्टरांना भेटून आलं की संध्याकाळी मी एकटीने घरच्या ग्रुपवर चार ओळी टाकायच्या: काय कळलं, काय अजून कळायचं आहे, पुढची तारीख कुठली. बाकी कुणी सल्ला द्यायचा असेल तर मला फोन करायचा, ह्यांना नाही. आजारी माणसाला दिवसभर आजारपणाबद्दल बोलायला लावणं हाही एक त्रासच असतो.

१२. एक डॉक्टर, एक फाईल, एक तारीख

अचानक सापडलेल्या गोष्टींचा खरा धोका हा की त्या कुणाच्याच नसतात. फुप्फुसाचे डॉक्टर फुप्फुस बघतात, हृदयाचे हृदय, आणि जे मधे सापडलं ते दोघांच्याही टेबलावरून निसटतं. ते सगळं एकत्र धरणारा एक माणूस हवा. आमच्याकडे ते काम फॅमिली डॉक्टरांनी केलं. कुठल्याही तज्ज्ञाकडे गेलो तरी कागद शेवटी त्यांच्याकडे आला. तुमच्याकडे असे कुणी नसतील तर आधी असा डॉक्टर शोधा, मग स्कॅनची तारीख घ्या.

फाईलच्या पहिल्या पानावर मी प्रत्येक गोष्टीपुढे तिची पुढची तारीख लिहिते. तारीख नसेल तर ‘काही करायचं नाही’ असं लिहून डॉक्टरांची सही घेते. कोरी जागा ठेवत नाही, कारण कोऱ्या जागेत एक तर विसर शिरतो, नाहीतर भीती.

शेजारपाजारचे विचारतात, एवढं नको ते सापडतं तर तपासणी करावीच कशाला? ज्यांना धोका आहे त्यांनी करावी, डोळे उघडे ठेवून करावी आणि सापडेल ते तोलून घ्यायची तयारी ठेवून करावी. लपलेलं हृदय आम्हाला त्यातूनच दिसलं. फक्त एक लक्षात असू द्या: त्या स्कॅनचा आधार घेऊन सिगारेट चालू ठेवता येत नाही. अजून ओढत असाल, तर स्कॅनच्या तारखेआधी ती सोडायची तारीख ठरवा. फुप्फुस आणि हृदय दोघांनाही एकदमच वाचवणारी त्याहून मोठी गोष्ट कुठल्याही यंत्रात नाही.